हत्ती येईपर्यंत घागर माझी

फार फार जुन्या काळी, हत्तींना बोलता येत होतं आणि माणसांना थांबता येत नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. पाणी मात्र डोंगरमाथ्यावरच्या तळ्यात, आणि मध्ये सातशे पायऱ्या.

हे पाणी एक म्हातारा हत्ती आणून देई. वयानं तो गावापेक्षाही मोठा. त्याला फक्त जागा दाखवायची आणि म्हणायचं, "इथं घागर ठेवली आहे." तो मान हलवून निघे. कधी दुपारपर्यंत परते, कधी दिवस कलताना. आला की दाखवलेल्या जागेवर बरोब्बर सोंड रिकामी करी. घागर तिथं आहे की नाही, हे मात्र तो बघत नसे.

आणि गावकऱ्यांना कुठला धीर? कंटाळले की म्हणत, "राहू दे पाणी," आणि घागर उचलून चालू लागत. हत्ती तोवर पाचशेव्या पायरीवर पोचलेला. त्याला कोण सांगणार? मग ते सोंडभर पाणी कधी वाळत घातलेल्या पापडांवर, तर कधी घोरणाऱ्या आजोबांवर. एकदा तर पाटलांनी घागर उचलून त्याच जागी व्याह्यांचा पाट मांडला. व्याही श्रीखंडासकट भिजले. सोयरीक मोडता मोडता राहिली.

पाटलांनी पंचायत भरवली. म्हणाले, "आठ दिवसांत या हत्तीला गावाबाहेर काढा."

हत्ती शांतपणे म्हणाला, "तुम्ही जागा सांगितलीत, मी लक्षात ठेवली. घागर आहे का बघ, असं कुणी म्हणालं नव्हतं."

"मग आता बघायला शीक."

"या वयात?" हत्तीनं विचारलं.

गर्दीत मागे कुंभाराची लेक उभी होती. मांजर शिंकलं तरी दचकणारी मुलगी ती. पण हत्तीची वाट न बघता पाणी आणायला गेलेल्या तिच्या आईचा त्या पायऱ्यांवरच पाय मोडला होता. हत्ती गेला तर आई लंगडत पुन्हा त्या चढणार, हे तिला डोळ्यांपुढे दिसलं आणि तिचा हात वर गेला. वर गेलेला हात बघून तीच दचकली.

"ते आठ दिवस मला द्या," ती कशीबशी म्हणाली. "हत्ती काही बदलायचा नाही. आपणच मध्ये काहीतरी घालू."

तिनं पायऱ्यांच्या तळाशी एक दगडी खोली उभी करवली. हत्तीच्या बाजूला सोंड शिरेल एवढी खिडकी, गावाच्या बाजूला दार. आता तिच्याशिवाय हत्तीशी कुणी थेट बोलायचं नाही. घागर तिच्याकडे द्यायची, ती आत खिडकीखाली ठेवली जाईल. एक खापरी मोडून अर्धी घागरीच्या गळ्यात, अर्धी मालकाच्या हातात. खापरी जुळली की घागर परत, पण हत्ती येऊन गेल्यावरच.

सातव्या दिवशी पाटील दारात उभे. "पोरी, पाणी नको मला. घागर दे."

"हत्ती वर गेलाय, पाटीलबाबा."

"जाऊ दे ना. मला पाणी नकोच आहे."

"तुम्हाला नको. पण त्याला कुठं ठाऊक आहे?"

"अगं, घागर कुणाची?"

"तुमचीच. पण हत्ती येईपर्यंत माझी."

पाटील एक पाऊल पुढे आले. मुलगी इतकी घाबरली, की खोलीत शिरली आणि आतून कडी घालून बसली. आतून कापरा आवाज आला, "रागावू नका हं, पाटीलबाबा. पण देणार नाही."

"बसा आता ओट्यावर," दारापुढे आपल्या घागरीची वाट बघत बसलेली एक म्हातारी म्हणाली. "आमच्याही घागरी आत आहेत. आम्ही रडतोय का?"

पाटील बसले. दिवस कलताना हत्ती आला, खिडकीतून सोंड आत घातली, घागर काठोकाठ भरली आणि निघून गेला. ओट्यावर थेंबसुद्धा उडाला नाही. मग कडी निघाली.

"पण मला पाणी नकोच होतं," पाटील पुटपुटले.

"मग ओतून टाका," मुलगी म्हणाली. "निदान कुठं ओतायचं ते तुम्हाला ठरवता येईल."

पाटलांनी आपल्या कोरड्या धोतराकडे पाहिलं, कोरडं पागोटं चाचपलं, आणि घागर खांद्यावर घेतली. दुसऱ्या दिवशी पंचायतीत हत्तीला ठेवून घ्यायचं ठरलं. सगळ्यांत आधी हात पाटलांचा वर होता.

तर लहानांनो आणि मोठ्यांनो, ध्यानात ठेवा: सोपवलेलं काम नकोसं झालं, तरी ते करायला गेलेला परत येईपर्यंत त्याची जागा तशीच राखावी.