पूजेचा डबा

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते विचारू नका. गावात ट्रॅक्टर होता, म्हणजे अगदी पुराणातली नव्हे. आणि पाटलाच्या शब्दापुढं कुणी शब्द काढत नव्हतं, म्हणजे कालपरवाचीही नव्हे. निदान असं म्हणायची रीत आहे.

डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. गावाला पाणी एकच, वरच्या अंगाच्या झऱ्याचं. आणि गावाच्या मालकीचा एक छोटा ट्रॅक्टर होता. त्याला पुढं दोन लोखंडी हात आणि त्या हातांत एक रुंद बकेट. माती असो, शेणखत असो, दगड असोत, बकेट खाली घालायची, दांडा ओढायचा, की पंपानं ढकललेल्या तेलाच्या जोरावर ओझं उचललंच. चालवणारा माणूस कमी बोलणारा होता, पण यंत्राचं दुखणं आवाजावरून ओळखायचा.

दर दसऱ्याला ट्रॅक्टरची पूजा व्हायची. व्हायलाच हवी, त्यात वावगं काही नाही. पण पहिल्याच वर्षी पाटलाची नजर सीटखालच्या एका गोल काळ्या डब्यावर गेली. देवघरातल्या कलशासारखा दिसला त्याला तो. त्यानं डब्याला कुंकू लावलं, लाल धागा गुंडाळला आणि सांगून टाकलं, "ह्यो पूजेचा डबा. ह्याला कुणी पाना लावायचा न्हाई."

सात दसरे झाले. धाग्यावर धागा चढला, कुंकवाचा थर जाड झाला, डबा दिसेनासा झाला. चालवणारा दरवर्षी सांगायचा, "पाटील, त्यो डबा खोलून साफ करावा लागतो." आणि दरवर्षी चार शहाणी माणसं त्याच्यावर हसायची. हसणाऱ्यांपैकी एकानंही कधी ट्रॅक्टरखाली वाकून पाहिलं नव्हतं.

मग एका उन्हाळ्यात दरड कोसळली. मोठमोठे धोंडे झऱ्याच्या तोंडावर येऊन बसले आणि पाणी बंद झालं. बायका तीन कोसांवरच्या नदीवरून हंडे आणू लागल्या. गुरं दावणीला हंबरत राहिली.

ट्रॅक्टर वर नेला. चालवणाऱ्यानं पहिल्या धोंड्याखाली बकेट घातली आणि दांडा ओढला. लोखंडी हात गुडघ्याइतके वर आले आणि थांबले. इंजिन गुरगुरत होतं, पंप कण्हत होता, पण धोंडा काही हलेना.

त्या माणसानं घाई केली नाही. धोंडा उतरवून नुसती माती उचलून पाहिली. तीही अर्ध्यावर अडकली. तेलाची कांडी काढून पाहिली. तेल पुरेसं होतं. नळ्या एकेक करून चाचपल्या. कुठं गळती नव्हती. नळ्यांचे जोड दाबून घट्ट केले. लोखंडी हात वर ढकलणारे दट्टे पुसून पाहिले, तेही कोरडे होते. मग पंपाला कान लावून तो थोडा वेळ बसला.

"पाटील, तेल हाय, पर ते पंपापत्तूर पोचत न्हाई," तो उठून म्हणाला. "वाटंत त्यो डबा हाय. खोलू द्या."

"सात वर्सं ज्याची पूजा केली त्याला पाना लावतूस?" पाटील कडाडला. "गाव तहानलंय आन तुला इटाळ सुचतोय! उतर खाली."

आणि उतरवलं त्याला. भर उन्हात, सगळ्यांदेखत! वाचकहो, मला इथं राग आवरत नाही. तपासलं फक्त त्या एका माणसानं, आणि दोषीही तोच ठरला.

पाटलाचा भाचा सीटवर चढला. त्यानं इंजिन असं काही रेटलं की धुरानं डोंगर काळा झाला. धोंडा जागचा हलला नाही. मग भटजी आले, मंत्र झाले, डब्याला आठवा धागा बांधला. धोंड्याला मंत्र कळले नाहीत. नाचता येईना अंगण वाकडं, तसं पाटलानं शेवटी धोंड्यालाच दोष दिला. "ह्यो दगडच आडमुठा हाय," तो म्हणाला आणि त्यानं दवंडी पिटवली, घरटी एक माणूस या, हातानं धोंडे काढू.

लोक आले. न येऊन करतात काय? त्यांत गावचा कुंभारही होता. त्याच्या चाकावरची मडकी पंचक्रोशीत जात. पहारीनं धोंडा सरकवताना पहार निसटली आणि त्याचा उजवा हात दगडाखाली सापडला. दोन बोटं जागीच गेली.

त्याला खाटेवर घालून वैद्याकडं नेलं. कुंभारीण मात्र खाटेमागं गेली नाही. ती विळा घेऊन झऱ्याकडं आली. एका कडेला दगडावर बसलेल्या चालवणाऱ्यासमोर ती उभी राहिली.

"दादा, खरं सांगा. त्या डब्यात हाय तरी काय?"

"जाळी हाय, वयनी. तेल गाळायची."

"गाळणी?" तिचा आवाज चिरला. "आवं, मी रोज चिखल गाळते. फडकं तुंबलं की वरनं किती बी वता, खाली ठिपका पडत न्हाई. फडकं धुवायचं आस्तं, ही गोष्ट माझ्या शेंबड्या पोरीला ठावं हाय!"

"मला बी ठावं व्हतं," तो मान खाली घालून म्हणाला.

"मग सात वर्सं पाटलाला नुसतं इचारत का बसलात?"

ती ट्रॅक्टरकडं वळली आणि आठही धागे विळ्यानं एका हिसक्यात कापले. पाटील ओरडला. तिनं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

चालवणारा उठला. त्यानं पाना लावला, डब्याखाली घमेलं धरलं आणि जाळी बाहेर काढली. सात वर्षांचा काळा गाळ तिच्यावर असा बसला होता की एक भोक दिसत नव्हतं. त्यानं ती डिझेलमध्ये तीनदा धुतली, पुसली, परत बसवली. सांडलं तेवढं तेल भरलं. अडकलेली हवा निघावी म्हणून रिकामी बकेट चार वेळा वरखाली केली. मग धोंड्याखाली घातली.

धोंडा उचलला गेला. एका दमात, डोक्याच्याही वर.

सगळं काम अर्ध्या तासाचं होतं. अर्ध्या तासाचं! त्यासाठी गाव चार दिवस तहानलं आणि एका कुंभाराचा हात गेला.

दिवस मावळायच्या आत झरा वाहू लागला. पाटील नारळ आणि फेटा घेऊन आला. "आम्हाला काय ठावं आत गाळणी हाय," तो हसत म्हणाला. "ये, फेटा बांधतो तुला."

"सात दसरे सांगितलं, पाटील," चालवणारा म्हणाला. "फेटा ऱ्हाऊ द्या. कुंभाराच्या घरी जावा आन त्याच्या हाताकडं बघून हसून दाखवा."

पाटील गेला नाही. तसली माणसं जात नसतात. पण त्या संध्याकाळी गावानं ट्रॅक्टरची किल्ली त्याच्याकडून काढून घेतली. यंत्र जो चालवील त्यानं कुणाला न विचारता ते खोलावं, असं ठरलं. दसऱ्याची पूजा पुढंही होत राहिली, जाळी धुतल्यावर.

कुंभार पुढं पुष्कळ वर्षं जगला, पण त्याच्या हातून चाकावर मडकं काही उभं राहिलं नाही. झऱ्याला पाणी मुबलक आलं, ते साठवायची मडकी मात्र गावाला परगावाहून आणावी लागली.

तात्पर्य: बिघाड शोधताना जिथं हात लावायची मनाई असेल, तिथं आधी हात घालावा.