भट्टीचं उद्यापन

फार वर्षं झाली या गोष्टीला. काळ्या डोंगराच्या पायथ्याशी एक नगर होतं आणि नगराच्या वेशीबाहेर एक भली मोठी भट्टी होती. डोंगराच्या पोटातून कोळसा निघायचा, भट्टीत पडायचा, त्याच्या आचेनं पाण्याची वाफ व्हायची आणि वाफेवर एक अजस्र चाक फिरायचं. त्या चाकाच्या बळावर नगरात घरोघरी पाणी चढायचं, जाती फिरायची आणि दिवेलागणीला एकही उंबरा अंधारात नसायचा.

भट्टी सांभाळायचं काम एका वस्तीकडे होतं. थोडंथोडकं नाही, सात पिढ्या. त्या वस्तीत एक बाई राहायची. सगळं नगर तिला भट्टीवाली मावशी म्हणायचं. कोळशाची धूळ छातीत साठून तिचा नवरा गेला, तेव्हा त्याचं फावडं तिनं उचललं, ते काही खाली ठेवलं नाही. भट्टी विझू द्यायची नाही, हे त्या वस्तीचं व्रतच होतं म्हणा ना. सण असो, सुतक असो, दर प्रहराला कोळसा पडलाच पाहिजे. सकाळी पहिलं फावडं भट्टीला घालायचं, हात जोडायचे, मगच मावशी पाण्याचा घोट घ्यायची.

व्रत मोडायचं कुणाच्या मनात नव्हतं, पण दमले होते सगळेच. डोंगर आतून पोकळ झाला होता. दांडीवर वाळत घातलेलं लुगडं संध्याकाळी काढावं तर काजळीनं माखलेलं. नदीवर काळी साय. नगरात खोकल्यावाचून घर नव्हतं. उन्हाळा दर वर्षी लांबत चालला होता. आणि मावशीचे गुडघे असे झाले होते, की एकदा खाली बसली की उठेपर्यंत तेहतीस कोटींतले निम्मे देव आठवून व्हायचे.

आता, राजा काही वाईट नव्हता. प्रजेचा खोकला त्याच्याही कानावर येत होता. त्यानं जाणती माणसं बोलावली आणि पूर्वेच्या माळावर वाऱ्याची उंच चाकं उभी केली, ऊन एकवटून वाफ करायला मोठाले आरसे मांडले. वरच्या अंगाला तळं खोदलं. दिवसा पाणी तळ्यात चढवायचं आणि रात्री तेच खाली सोडून चाक फिरवायचं. युक्ती चांगली होती. वर्षभरात सगळं बांधून झालं, तसा राजानं ज्योतिष्यांना विचारून मुहूर्त काढला, भरजरी शेला पांघरला आणि सात नद्यांच्या पाण्याचे कलश भट्टीत ओतले. वाजंत्री वाजली. भट्टीतून एक मोठा हुंकार निघाला आणि सात पिढ्यांची आग विझली.

लगेच वस्तीत दवंडी पिटली, "ऐका हो ऐका! आजपासून भट्टी बंद, कोळसा बंद! वस्तीतल्या लोकांनी आपापलं बघावं हो!"

मावशी फावडं धरून तशीच उभी राहिली. शेजारी तिचा धाकटा दीर होता. बोलायला मोठा तिखट माणूस.

"ऐकलंत ना वहिनी, आपापलं बघा म्हणे! सात पिढ्यांत आपापलं असं काही ठेवलंय का यांनी, बघायला?"

"असू दे हो भावजी. चांगल्यासाठीच केलंय त्यांनी."

"चांगलंच आहे! आणि वारा पडला म्हणजे? प्रधानजी गाल फुगवून फुंकणार वाटतं!"

त्या वस्तीची एक रीत होती. घराघरातली चूल भट्टीतल्या विस्तवावर पेटवायची, आणि भट्टीही कधी थंडावली तर त्या चुलींतल्या विस्तवावरच. परका विस्तव तिला चालत नसे. त्या दिवशी दुःखात कुणाच्या घरी चूल पेटली नाही. होते ते निखारेही विझून गेले. एकट्या मावशीनं, हाताला सवय म्हणून, चुलीतल्या निखाऱ्यावर राख ओढून ठेवली. सकाळी राख सारली की निखारा जागा. त्यावर पेज शिजवायची आणि शेजारी वाटीवाटी द्यायची. कोळसा फोडणारे हात कामाविना मांडीवर पडून होते. दीर रोज उठून सवयीनं भट्टीपर्यंत जायचा आणि परत यायचा.

आठ दिवस माळावरची चाकं झकास फिरली. नवव्या दिवशी कुरकुरली. दहाव्या दिवशी थांबली. वरचं तळं आटलं, नगरातलं पाणी गेलं, दिवे गेले. नदीचं पाणी तोंडात घालण्यासारखं नव्हतंच. दोन दिवस लोकांनी कशीबशी कळ काढली, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी सगळं नगर मावशीच्या दारात. पुढे खुद्द प्रधानजी.

"मावशी, तुमच्या चुलीत विस्तव आहे म्हणे. तेवढा द्या. भट्टी पेटवू. झालं गेलं मनात धरू नका."

"आता मावशी का?" मागून दीर म्हणाला. "दवंडीत तर नुसते वस्तीतले लोक होतो."

गर्दीतली एक बाई पुढे आली. "मावशी, घरात बाळंतीण आहे हो. घागर पालथी पडलीय परवापासून."

मावशी आत गेली. राख सारून तिनं निखारे घमेल्यात घेतले. दीर तिच्या कानाशी वाकला. "वहिनी, हीच वेळ आहे. एकदा भट्टी पेटली की पुन्हा विझवायचं नाव काढणार नाही कुणी. ती आपली, आपल्या लेकरांची. राजा हात जोडत येईल."

खरं होतं ते. मावशीलाही कळत होतं. घमेलं घेऊन ती भट्टीच्या तोंडाशी आली. मागं सगळी वस्ती उभी. एक घमेलं ओतलं की वस्तीतल्या तीनशे चुली पेटणार होत्या.

आणि तिथं तिची नजर वस्तीकडे गेली. दांडीवर कुणाचं तरी लुगडं वाळत होतं. पांढरं. जन्मात पहिल्यांदाच तिनं त्या दांडीवर पांढरं लुगडं पांढरंच राहिलेलं पाहिलं. तिनं कान दिला. एवढी माणसं उभी होती, पण खोकत कुणी नव्हतं. असा एक दिवस तिच्या धन्याच्या वाट्याला आला असता तर?

मावशी मनाशीच म्हणाली, 'देवा, मी व्रत धरलं ते कशाचं? आगीचं, की कुणाच्या घरी अंधार नको याचं?'

तिनं घमेलं भट्टीच्या कट्ट्यावर टेकवलं. "दोन घटका थांबा. त्या चाकांना झालंय तरी काय, ते मला आधी बघू दे."

"तुम्हाला त्यातलं काय कळणार?" प्रधानजी म्हणाले.

"चाक ते चाक, बाबा. वाफेनं फिरो नाही तर वाऱ्यानं."

गुडघे चोळत, थांबत थांबत ती माळावर गेली. मागून वस्ती, सगळ्यांत मागे कुरकुरत दीर. माळावर प्रधानजींचे भाचे-पुतणे सावलीत सोंगट्या खेळत बसले होते.

"तुम्ही कोण रे?"

"आम्ही चाकांचे राखणदार."

"मग चाकाच्या आसाला वंगण कधी घातलं?"

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. "वंगण लागतं?"

"आणि आरसे पुसायचे कुणी?"

"आम्ही राखणदार आहोत, आजी. पुसणारे नाही."

दीर इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसला. "वा! नुसती पागोटी ठेवली असती खांबांवर, तरी एवढी राखण झाली असती."

मावशीनं एका आरशावर पदर फिरवला. पदर काळाकुट्ट झाला. ती धूळ नव्हती, काजळी होती. तिच्याच भट्टीची, सबंध वर्षभर वाऱ्यानं आणून बसवलेली. मावशी पदराचं दुसरं टोक घेऊन पुन्हा पुसायला लागली.

"वहिनी, सोडा ते," दिराचा आवाज चढला. "आपल्याला लाथ मारणाऱ्याचे आरसे पुसता? इथं आपलं काय आहे?"

"बाळंतिणीची घागर आहे, भावजी. आधी ती भरू दे. मग राजाशी भांडू. मी पुढं होते, तुम्ही मागनं बोला. तसंही तुम्हाला तेच जमतं."

दिरानं मग मुंडासं सोडलं आणि शेजारचा आरसा पुसायला घेतला. त्याला पाहून वस्ती हलली. कुणी तेलाचे बुधले आणले, कुणी शिडी लावली. सात पिढ्या चाकाचा आवाज ऐकत झोपलेली माणसं ती, कुठला आस कोरडा आहे हे खालून सांगत होती. ऊन कलायच्या आत पहिलं चाक फिरलं, मग दुसरं. पाणी तळ्यात चढू लागलं.

बातमी ऐकून राजा धावत आला. त्यानं गळ्यातला कंठा काढला आणि मावशीपुढे धरला.

मावशीनं हात पुढे केला नाही. "महाराज, रागावणार नसाल तर एक विचारते. राणीसाहेबांनी सोळा सोमवार केले होते ना? सतराव्या सोमवारी काय केलं?"

"उद्यापन केलं."

"म्हणजे जेवू घातलं, वाण दिलं, नमस्कार केला. मग भट्टीचं व्रत या वस्तीनं सात पिढ्या केलं. माझा धनी त्यात गेला. ते संपवायची वेळ आली होती, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण तुम्ही मुहूर्त पाहिलात, कलश आणलेत, वाजंत्री लावलीत आणि उद्यापन तेवढं विसरलात. व्रत असं टाकून देतात का, महाराज?"

"आणि दवंडी पिटून!" मागून दीर म्हणाला.

राजाची मान खाली गेली. त्यानं विचारलं, "भट्टीचं उद्यापन कसं करायचं, मावशी?"

"ज्या हातांनी जुनं सांभाळलं, नवं पहिल्यांदा त्यांच्या हाती द्यायचं. तेच वाण. ज्यांच्यानं माळ चढवत नाही, त्यांचं जेवण त्यांच्या दारात पोचवायचं. आणि ज्या डोंगराचं पोट रिकामं केलं, त्याची ओटी भरायची. झाडं लावायची तिथं."

तसंच ठरलं. चाकं, आरसे आणि तळं वस्तीच्या स्वाधीन झालं. ज्यांना तिथं काम पुरलं नाही, ते डोंगरावर रोपं लावू लागले. सगळंच काही गोड झालं असं मात्र नाही हं. काही म्हातारे थंड भट्टीकडे तोंड करून बसायचे ते बसायचेच. त्यांना कुणी उठवलं नाही. त्यांचं ताट तिथंच जायचं.

उद्यापनाच्या दिवशी मावशीच्या चुलीतल्या विस्तवावर पुरणावरणाचा स्वयंपाक झाला, आणि मग तो विस्तव दूध शिंपून शांत केला. माळावर पंगती मांडल्या. राजा स्वतः वाढायला उभा राहिला. पहिल्या पंगतीत पहिला पाट मावशीचा. आयुष्यभर दुसऱ्यांना वाढलेली बाई ती, पाटावर बसताना तिला अवघडल्यासारखं झालं. वर चाकं फिरत होती, मंद वारा सुटला होता.

राजा तुपाची वाटी घेऊन तिच्यापर्यंत आला आणि थबकला. भरलं ताट पुढ्यात तसंच होतं. मावशी चाकाच्या खांबाला टेकून गाढ झोपली होती.

"वहिनी," दीर तिला हलवायला वाकला.

राजानं त्याचा हात धरला. वाजंत्र्यांना खुणेनं गप्प केलं, सगळ्या पंगतीला हळू जेवायला सांगितलं, आणि ताटावर माशी बसू नये म्हणून शेल्यानं वारा घालत तिच्याजवळ बसून राहिला.

तशी टेकायला जागा, तसा निवांतपणा, देव सगळ्या दमल्या जीवांना देवो.

तात्पर्य काय, तर जुनं संपवायची वेळ आली की ते जरूर संपवावं, पण ज्यांच्या कष्टांवर आजवर आपला उजेड चालला त्यांना मागे टाकून नव्या उजेडाकडे जाऊ नये. पहिलं वाण त्यांचं.