एकशे आठ शंख

पूर्वी वेलापट्टण नावाच्या बंदरात उदधिसेन राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व तिथल्या एका शंखविक्याच्या घरी जन्मास आला. त्याचे नाव सुजात. बापामागे धंदा त्याच्याकडे आला आणि त्याने तो चांगला वाढवला.

बंदरासमोर पाण्याखाली पोवळ्यांचा लांबच लांब खडक होता. उधाणाच्या लाटा त्याच्यावर फुटत आणि किनाऱ्याला येईतो त्यांचा जोर सरत असे. कोळ्यांची वस्ती त्या खडकाच्याच जिवावर उभी होती म्हणा ना. एका वर्षी तो पांढरा पडू लागला. काटेरी तारामासे त्यावर चढून पोवळ्यांतला जीव खात होते. मागे नुसता चुना उरे, आणि चुना ढासळायला कितीसा वेळ लागतो?

राजाचा अमात्य कुंभक मनाने चांगला, पण भारी उत्साही. त्याने हुकूम काढला की दिसेल तो तारामासा मारावा. कोळ्यांनी मारले. पण त्यांची एक रीत होती. समुद्राचे जे खाण्याजोगे नाही, ते किनाऱ्यावर कुजू द्यायचे नाही, समुद्राला परत करायचे. म्हणून ते होडीतच तारामाशाचे कोयतीने दोन तुकडे करीत आणि पाण्यात टाकीत. पुढच्या वर्षी तारामासे दुप्पट झाले.

पुण्णा नावाच्या म्हाताऱ्या कोळणीची झोपडी सगळ्यांच्या पुढे, अगदी पाण्याला लागून होती. सुजातच्या शंख ठेवायच्या दगडी कुंडाच्या कठड्यावर तिची रोजची बैठक असे. कुणाच्या घरी काय चालले आहे, ते तिला तिथेच कळे. एक दिवस ती टोपलीत तारामासा घेऊन आली.

"शेटजी, हा बघा. अर्धं अंग जुनं, अर्धं नवं. मधली रेघ माझ्याच कोयतीची आहे."

"आणि दुसरा अर्धा?"

"तोही असाच जगला असेल कुठंतरी. अमात्यांना सांगा, पेरणी छान झाली."

असे म्हणून तिने रागारागाने तो कुंडात भिरकावला. त्या कुंडात युवराजाच्या अभिषेकासाठी एकशे आठ मोठे शंख जिवंत ठेवलेले होते. दोघे बोलत बसले असता एक शंख हळूहळू सरकला, तारामाशावर चढला आणि त्याला खाऊ लागला. सुजात बघतच राहिला. जन्मभर त्याने शंख विकले होते, पण शंख काय खातो हे कधी विचारले नव्हते.

"मावशी, पूर्वी हे इतके नव्हते ना?"

"तुमचा बाप या किनाऱ्याला यायच्या आधी नव्हते," पुण्णा म्हणाली.

सुजात उठून थेट दरबारात गेला. तिथे वाद चालूच होता. कुंभक म्हणत होता, आता तारामासे जमिनीवर आणून जाळू. बाकीचे म्हणत होते, समुद्राचे समुद्र बघेल, माणसाने हात लावू नये. सुजात म्हणाला, "महाराज, हात तर केव्हाच लागलेला आहे, आणि तो माझा आहे. आधी तो काढू द्या."

शंख तारामासे खातात आणि तेच शंख आपल्या घराने काढून विकले, हे सगळे त्याने सांगितले. शंख परत सोडायचे, यापुढे कुणी एकही काढायचा नाही. शिवाय खडकावरचे तारामासे अखंड उचलून पलीकडे खोल वाळूवर न्यायचे. तिथे त्यातले काही उपाशी मरतील, हेही त्याने लपवले नाही. ते पाप आपल्या चुकीचे आहे, म्हणून आपल्या चुकीने वाढले तेवढेच उचलायचे, असे तो म्हणाला.

राजाने विचारले, "मग खडक वाचेल?"

"ते मला सांगता येत नाही, महाराज."

"आणि अभिषेकाला काय वाजवू?"

"महाराजांच्या आजोबांचा एक शंख आहे. तेवढा पुरे."

राजा हसला आणि त्याने होकार दिला. त्याच संध्याकाळी सुजातने शंख समुद्रात सोडून कुंड रिकामे केले, आणि कोळी तारामासे उचलून खोल वाळूवर नेऊ लागले. त्यानंतर तो दोर वळून विकू लागला. पहिली काही वर्षे काहीच फरक दिसेना, तेव्हा लोक त्याला वेड्यात काढीत. पुण्णा तेवढी रोज रिकाम्या कुंडावर येऊन बसे.

सातव्या वर्षी मोठे वादळ झाले. दक्षिणेला खडक आधीच चुना झाला होता, तिथल्या तीन झोपड्या गेल्या. उत्तरेला मात्र पोवळे पुन्हा धरले होते. तिथे लाट पुण्णाच्या उंबऱ्याला टेकली आणि मागे फिरली. उंबरा पुसताना तिला तिथे एक शंख सापडला. तिने तो उचलला, आत जीव आहे ना ते पाहिले आणि ओटीत घेऊन पाण्यात सोडून आली.

एवढी गोष्ट भिक्षूंना सांगून तथागत बुद्धांनी जातकाचा मेळ घातला, म्हणजे तेव्हाचे कोण आज कोण आहेत ते सांगितले. "तेव्हाचा कुंभक म्हणजे रोपाला दिवसातून चारदा पाणी घालून त्याची मुळे कुजवणारा हा आपला तिस्स भिक्षू. पुण्णा म्हणजे भिक्षा वाढता वाढता चार शब्द सुनावणारी आपली उपासिका. राजा म्हणजे आनंद, आणि तो शंखविक्या मीच होतो."

तिस्साने हातातली घागर हळूच खाली ठेवली.

दुसऱ्याचे भले करायला निघताना आधी आपला हात कुठे आहे ते पाहणे, याला प्रज्ञापारमिता, म्हणजे शहाणपणाची पूर्णता, म्हणतात.