ताकाचं वळण

"दस्तगीर मेस्त्रीची लाल गाडी ताकावर चालायची, आणि ती अजून त्याच शेडात..."

एवढंच शालनकाकींच्या कानावर पडलं आणि गिरणीवाल्या बंडूनं पट्टा चढवला. गिरणी अशी घरघरायला लागली की पुढचं सगळं पिठात गेलं. बंडूसमोर दोन परगावचे तरुण उभे होते. दोघांच्या अंगात गाडीचं चित्र छापलेले सदरे. ते माना डोलवत होते, बंडू हातवारे करत होता, आणि काकींना ऐकू येत होतं ते फक्त त्यांचंच जोंधळ्याचं दळण. दळण उतरलं तोवर ते दोघे निघून गेले होते.

"बंडू, काय सांगत होतास रे त्यांना? शेडात काय?"

"कुठं काय काकी? जे सगळे म्हणतात तेच."

आता बघा, भिलवण्यात कुणाच्या घरी आज कसली भाजी शिजली ते शालनकाकी वासावरून सांगतात. पण मेस्त्रीचं शेड त्यांच्या भिंतीला भिंत लागून, तीस वर्षं झाली लग्न होऊन येऊन, आणि त्या शेडाचं दार काही त्यांनी उघडं पाहिलेलं नाही. हातात पिठाचा डबा घेऊन त्या घराकडे निघाल्या खऱ्या, पण डोक्यात ते अर्धं वाक्य घरघरत राहिलं.

दस्तगीर मेस्त्रीची गोष्ट तुम्हाला ठाऊक नसेल, तर ऐका.

फार वर्षांपूर्वी, म्हणजे नेमकं कधी ते भिलवण्यात कुणाला विचारू नका, पण संस्थानं होती आणि घाटातून बैलगाड्या जायच्या तेव्हाची ही गोष्ट. घाटाच्या पायथ्याला दस्तगीरचा भाता होता. तो बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव बसवायचा. धाव तापवून चाकावर चढवली की तो कान लावायचा. गाडी घाटात कुठल्या वळणावर कुरकुरणार ते तो आधीच सांगायचा, आणि गाडी त्याच वळणावर कुरकुरायची, असं म्हणतात.

एके दिवशी त्याच्या दारात एक लाल मोटार बंद पडली. चांदवडीकर सरकारांची. विलायतेहून आगबोटीनं आणलेली. बसायला जागा दोघांचीच, पण नाक एवढं लांब की चालवणारा वळणावर पोचायच्या आधी गाडी पोचायची. चाकांना छत्रीसारख्या बारीक तारा, बॉनेटवर कातडी पट्टा आवळलेला, दिवे पितळेचे. त्या मुलखात तसली दुसरी गाडी नव्हती. सरकारांचे ड्रायव्हर दोन तास स्क्रू फिरवत बसले. दस्तगीर भात्यावरून उठून आला. त्यानं गाडीला प्रदक्षिणा घातली, खाली वाकून कान लावला आणि म्हणाला, "हिच्या घशात कचरा अडकलाय."

ड्रायव्हर हसले. सरकार म्हणाले, "काढ बघू."

त्यानं बायकोची, रेहमतबीची, शिवणाची सुई मागवली. कार्बोरेटरचं केसाएवढं भोक होतं, ते तिच्या टोकानं साफ केलं. गाडी सुरू झाली आणि तिनं असा आवाज दिला, की गोठ्यातल्या म्हशींनी रवंथ थांबवली, असं म्हणतात.

त्या दिवसापासून दस्तगीरचा मेस्त्री झाला आणि लाल गाडीशिवाय त्याला दुसरं सुचेना. सरकारांनी गाडी त्याच्याकडे सोपवली. त्यानं ती अशी बदलली की विलायतेच्या कारागिरानं तोंडात बोट घातलं असतं. चाकांवरचे पत्रे कापून टाकले. तळाचं लोखंड काढून सागाच्या फळ्या ठोकल्या. टांग्याचे पाटे घासून पातळ केले आणि स्प्रिंगांच्या जागी बसवले. बैलाच्या घुंगराचं पितळ वितळवून कार्बोरेटरसाठी नवीन नळी ओतली. काम झालं की चालू इंजिनावर तो पितळी पेला काठोकाठ पाण्यानं भरून ठेवायचा. पाणी हललं तर पुन्हा खोलायचा.

रेहमतबी म्हणायची, "माझ्याकडं कधी एवढा कान देऊन ऐकलंय का तुम्ही?"

"तू बंद कधी पडतीस?" मेस्त्री म्हणायचा.

मग एकदा मुंबईचे एक शेठ शिकारीला आले. त्यांची गाडी काळी, आठ सिलिंडरची, घराएवढी. जेवताना शेठ म्हणाले, "सरकार, तुमचं ते लाल खेळणं घाट चढतं का हो?" पंगतीतले लोक हसले आणि सरकारांची कानशिलं तापली. ठरलं, की खंडेनवमीला दोन्ही गाड्या भिलवण्यातून सुटतील. तेरा वळणं. वर खिंडीत आधी पोचेल तो जिंकला.

सरकारांनी मेस्त्रीला चारचौघांत सांगितलं, "गाडी तूच चालवायची. जिंकलास तर ती तुझ्या शेडात राहील, मला लागेल तेव्हा मी मागून घेईन. हरलास तर पुन्हा हिला हात लावायचा नाही."

"शब्द, सरकार," मेस्त्री म्हणाला. पण त्या रात्री तो जेवला नाही, असं म्हणतात. त्याला हरण्याजिंकण्याचं काही नव्हतं. हात लावायचा नाही, हे त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं.

त्यानं गाडी आणखी हलकी केली. गादी काढली. शेजारची सीट काढली. शेवटी सोबतचा जादा पाण्याचा डबासुद्धा काढून ठेवला, कारण तीन कोसांचा घाट ती वाटेत पाणी न ओतता चढते हे त्यानं दहा वेळा करून बघितलं होतं.

पण दहा वेळा केलं तेव्हा खंडेनवमी नव्हती.

खंडेनवमीला आपण हत्यारांची पूजा करतो, अवजारांची करतो, मग मोटारीची नको? अख्खं गाव पहाटे उठलं. बायकांनी झेंडूचे हार केले, एकेक हार हातभर जाड. एक ह्या आळीचा, एक त्या आळीचा, एक पाटलांचा, एक तराळांचा, कुणाचा मागे ठेवणार? सगळे गाडीच्या नाकावर चढले. रेडिएटरची जाळी दिसेना. वर हळदकुंकू, वर नारळ. मेस्त्री गाडीपाशी आला आणि जागच्या जागी थांबला. गाडी श्वास घेते ती त्याच जाळीतून, हे त्याच्याएवढं कुणाला ठाऊक? पण समोर म्हाताऱ्या बायका हात जोडून उभ्या होत्या. ज्याला इंजिनात मुंगी शिंकली तरी ऐकू यायचं, त्याच्या तोंडातून शब्द फुटला नाही. त्यानं हार तसेच राहू दिले.

शिंग वाजलं. गाड्या सुटल्या.

पहिल्या सहा वळणांवर लाल गाडी पुढे होती, आणि ती अशी वळायची की झेंडूची पाकळीसुद्धा गळायची नाही. सातव्या वळणावर काळी गाडी मागे दिसेनाशी झाली. आठव्या वळणावर मेस्त्रीला एक शिट्टी ऐकू आली, बारीक, चुलीवरच्या किटलीसारखी. नवव्या वळणावर नाकातून वाफेचा लोट उठला आणि झेंडू शिजल्याचा वास सुटला.

मेस्त्रीनं गाडी कडेला घेतली. हार ओरबाडून काढले, पण फेकायला मन होईना, म्हणून गाडीच्या मागच्या अंगाला अडकवले. पाणी नाही. झरा अर्धा कोस खाली. तेवढ्यात वरून एक गवळी-धनगरीण उतरत होती. धोंडाबाई तिचं नाव. डोक्यावर घागर, सणाला गावात विकायला निघालेली.

"बाई, पाणी हाय का?"

"पाणी न्हाई बाबा, ताक हाय. काय झालंया तुझ्या म्हशीला?"

"तापलीय."

"मग वत की! घे ही घागर."

पण मेस्त्री ओतेना. तो हात बॉनेटवर ठेवून उभा राहिला. खालून काळ्या गाडीची घरघर यायला लागली.

धोंडाबाई ओरडली, "आरं वत की मर्दा! त्यो आला बघ!"

"आत्ता गार वतलं तर छाती फुटंल हिची," मेस्त्री म्हणाला. "जरा दम खाऊ द्या तिला."

काळी गाडी भोंगा वाजवत शेजारून गेली. शेठनं टोपी हलवली. मेस्त्रीनं मान वर करून बघितलंसुद्धा नाही. त्याचा तळवा भाजत होता, पण तो काढेना, कारण पुन्हा ह्या लोखंडाला आपला हात लागणार नाही हे तोवर त्याला कळलं होतं. तळव्याला धग सोसवेल एवढी झाली, तेव्हा त्यानं पागोट्याचं टोक धरलं आणि त्यातून गाळून घागरभर ताक हळूहळू रेडिएटरमध्ये ओतलं.

आणि लाल गाडी उठली. उरलेली चार वळणं ती चढली नाही, उडाली, असं म्हणतात. खिंडीत पोचली ती काळ्या गाडीच्या मागे, एका बैलाएवढं अंतर ठेवून. झाकण उघडलं तर वर लोण्याचा गोळा तरंगत होता, असंही म्हणतात.

सरकारांनी वाकून ताक पाहिलं आणि ते इतके हसले की फेटा सुटला. मग सगळी कथा ऐकली. म्हणाले, "मेस्त्री, तू लगेच ओतलं असतंस तर जिंकला असतास."

"जिंकलो असतो सरकार. गाडी राहिली नसती."

सरकारांचा हात पुढे आला होता. त्यांनी शब्द मागे घेतला असता. पण मेस्त्रीनंच आपले दोन्ही हात पाठीमागे नेले आणि बोटांत बोटं अडकवली. "शब्द माझाबी हाय," तो म्हणाला आणि घाट पायी उतरला.

पुढं काय झालं ऐका. दर खंडेनवमीला सरकारांचा ड्रायव्हर ती गाडी भिलवण्यात आणायचा आणि मेस्त्रीच्या दारात चालू ठेवायचा. मेस्त्री हात पाठीमागे बांधून तिच्याभोवती फिरायचा आणि ऐकायचा. "डावा स्क्रू पाव फेरा. बास. आता वर पेला ठेव." ड्रायव्हर हात चालवायचा, मेस्त्री कान चालवायचा. मरेपर्यंत त्यानं गाडीला बोट लावलं नाही, आणि मरेपर्यंत ती गाडी बंद पडली नाही, असं म्हणतात.

मग ती गेली कुठं? इथंच गोष्ट अडते आणि इथंच शालनकाकींचा घास अडला होता.

दळण आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. काकींनी भिंतीपलीकडे माणसांचा आवाज ऐकला आणि वाटी घेऊन निघाल्या. मेस्त्रीची नातसून जुबेदा शेडाच्या कुलपाशी झटत होती. मागे ते कालचेच दोघे. रस्त्यावर त्यांची जुनी गाडी उभी होती, हिरवी, बुटकी, हौसेनं नव्यासारखी केलेली.

"साखर होती का गं थोडी?" काकी म्हणाल्या.

"काकी, वाटीत तुमच्या साखर आहेच की," जुबेदा म्हणाली. "या आत. गेल्या महिन्यात सासरे गेले, किल्ली त्यांच्या पेटीत सापडली. मीबी आजच बघतीय."

दार कुरकुरलं. आत भाता होता, ऐरण होती, टांग्याचे पाटे होते. आणि कोपऱ्यात घोंगडीखाली काहीतरी झाकलेलं होतं. गाडीएवढं नव्हतं. दोघांपैकी उंच मुलगा, निनाद, त्याचा चेहरा एकदम पडला.

जुबेदानं घोंगडी काढली. खाली पितळी रेडिएटर होता. तोंडाशी सुतळीनं एक लाकडी पाटी बांधलेली, वर मोडीत आणि खाली बाळबोध अक्षरांत लिहिलेलं. निनादनं मोबाईलच्या उजेडात वाचलं: "मेस्त्रीस, गाडी नवीन घेतली नाही, फक्त हे बदलले. काढून ठेवले ते आता गाडी नव्हे. ह्यास हात लावण्यास शब्दाची आडकाठी नाही. चांदवडीकर."

पितळ सगळं काळवंडलेलं होतं, पण वरची कड मात्र झिजलेली होती, कुणीतरी वर्षानुवर्षं रोज हाताळून गुळगुळीत केलेली.

काकींनी केसातला आकडा काढून झाकणाच्या आत खरवडलं. पांढरा चुरा निघाला. त्यांनी तो नाकाला लावला.

"ताकच आहे," त्या म्हणाल्या. "पण लोणी काही दिसत नाही हं."

"आणि गाडी?" निनादनं विचारलं.

"गाडी इथं नव्हतीच म्हणायची. आणि ताकावर चालायची नाही बाबा, ताकानं गार व्हायची." मग काकींना वाटलं हे फारच कमी झालं, म्हणून त्यांनी जोडलं, "पण ताक खरं."

निनादनं हात पुढे केला, मग दचकून मागे घेतला आणि पाठीमागे बांधला. जुबेदा हसली. "लावा की. ह्याला चालतंय."

त्यानं लावला. मग काकींनीही लावला.

भिलवण्यात आजही गाडीच्या नाकावर कुणी हार घालत नाही. खंडेनवमीला ट्रॅक्टर असो, जीप असो, फटफटी असो, हार मागच्या बाजूला बांधतात. आधी इंजिन चालू करतात, वर पितळी पेला ठेवतात, आणि सगळी माणसं, अगदी रांगती पोरंसुद्धा आयांनी धरून, हात पाठीमागे बांधून गप्प उभी राहतात आणि ऐकतात. आणि घाटात नवव्या वळणावर धनगरवाड्याच्या बायका त्या दिवशी घागर घेऊन बसतात. वर जाणाऱ्या प्रत्येक गाडीला थांबवतात, जरा दम खाऊ द्या म्हणतात, आणि चालवणाऱ्याला ओंजळभर ताक देतात.

त्या दुपारी हिरवी गाडीही तिथं थांबली, मागे झेंडूचा हार. निनादनं ताक पिऊन झाल्यावर तळवा बॉनेटवर ठेवला आणि धग सोसवेल एवढी होईपर्यंत तिथंच उभा राहिला.

गिरणीत बंडू मात्र अजून सांगतो, की गाडी ताकावर चालायची. शालनकाकी दळण टाकता टाकता त्याला दुरुस्त करतात, पण तोवर पट्टा चढलेला असतो.