रबरी झांज आणि पेडल

माणसांच्या माघारी वाद्ये एकमेकांशी भांडत, त्या काळची ही गोष्ट. हेमांगीच्या इलेक्ट्रॉनिक ड्रमची रबरी झांज दोनच आवाज काढी: पायाचे पेडल दाबले की बंद, सोडले की उघडा. “आज संध्याकाळी ही परत दुकानात,” असे म्हणून हेमांगी चहा करायला गेली.

“तुझ्यामुळे!” झांज खालच्या पेडलवर कडाडली.

“बाईसाहेब, ‘पूर्ण दाब, नाहीतर पूर्ण सोड’ हा हुकूम तुमचाच. मधलं तुम्हाला गबाळं वाटतं.”

कोपऱ्यातली जुनी पितळी झांज हसली. “अगं, आमचं सगळं वाजणं त्या मधल्यातच असतं.”

रबरी झांज वरमली. “पेडलराव, यापुढे हेमांगीचा पाय थांबेल तिथे थांबा.”

हेमांगीने परतून पेडल अर्धवट दाबत काठी मारली. आवाज पितळेचा नव्हता. पण तो प्रथमच सळसळला. तिने पाय किंचित उचलून पुन्हा वाजवले. दुकान बंद होण्याची वेळ उलटून गेली, तरी ती वाजवतच होती.