दगडांवर उभी अक्का

सुरू असलेलं इंजिन नक्की कुणासाठी सुरू असतं, गाडीसाठी की तिच्याभोवती उभ्या राहिलेल्यांसाठी? गेनू वानराने हे मिस्त्रीला विचारलं, घरच्यांना विचारलं, वाटेने जाणाऱ्या म्हाताऱ्या करकोच्यालाही विचारलं.

त्या मुलुखात म्हाताऱ्या डिझेल गाड्या बंद करत नसत. एकदा बंद केली तर परत सुरू होईल, असा कुणाला भरवसा नव्हता. म्हणून ती जिथे उभी असेल तिथेच सुरू ठेवायची, अशी रीत पडली होती. येणारा-जाणारा बॉनेटला कान लावायचा, धडधड ऐकायचा आणि म्हणायचा, "सुरू आहे ना? मग झालं तर." एवढं बोलून तो आपल्या वाटेला लागायचा.

अक्का अशीच एक गाडी होती. उमेदीच्या काळात ती घाटातून फिरायची आणि आईबापाविना सापडेल त्या पिलाला आत घ्यायची. रानडुक्कर भिवा तिला वणव्यानंतर सापडला, टिटवी सारजा पुरानंतर. गेनू सगळ्यांत शेवटी आला. मेलेल्या आईचा हात तो सोडत नव्हता. अक्का बराच वेळ शेजारी उभी राहिली. मग म्हणाली, "चल, शेपूट आत घे रे माकडा, दार लावतेय." मागच्या सीटवर, इंजिनाच्या गुरगुरीत, त्याला झोप लागली. पुढे मोठा झाल्यावरही तो तिथेच झोपायचा.

मग अक्का चढावर थांबायला लागली. धूर आधी काळा येई, नंतर पांढरा येऊ लागला. तिचं बोलणं कमी झालं आणि एक दिवस थांबलंच. दिवे मिणमिणायचे, पण कुणाला ओळखतात असं वाटत नव्हतं. उभी राहून टायर खराब होतील म्हणून भिवाने चारही चाकं काढली आणि तिला दगडांवर चढवलं. "चाकं जपून ठेवतो. बरी झाली की लावू," तो म्हणाला. चाकं नसलेल्या गाडीचं इंजिन तसंच धडधडत राहिलं. भिवा लांबून डिझेल आणायचा. सारजा टपावर बसून पहारा द्यायची आणि आवाज जरा बदलला की सगळ्यांना उठवायची.

मिस्त्री होता साळिंदर. त्याने नोझल बदलली, पंप बदलला, गॅस्केट बदललं. भिवा दर वेळी विचारायचा, "बरी होईल ना?"

"सुरू राहील," मिस्त्री म्हणायचा.

एके दिवशी सकाळी त्याने हातातला पाना खाली ठेवला. "आता वरवरचं काही उरलं नाही. अख्खं इंजिन खोलावं लागेल. नाहीतर सोडून द्या. तुम्ही ठरवा."

"खोला," भिवा म्हणाला.

"आणि परत बसवता नाही आलं तर?" सारजाने विचारलं.

"तू कधी चांगलं बोलणार आहेस का गं?"

"अरे खोला!" गेनू मध्येच ओरडला. "बघत काय बसलात? माझे हात आहेत, पाना मी फिरवतो!" आणि कुणी काही म्हणायच्या आत, हत्यारं ठेवायला सीट मोकळी करावी म्हणून त्याने दार उघडून आत उडी मारली.

तिला दगडांवर चढवल्यापासून आत कुणी बसलंच नव्हतं, गेनूही बाहेरच झोपायचा. सगळे बाहेरून कान लावत होते. गेनू सवयीने मागच्या सीटवर आडवा झाला आणि त्याचे दात एकमेकांवर आपटायला लागले. काचा खडखडत होत्या. सीटखालचा पत्रा थरथरत होता. बाहेरून ज्या आवाजाने धीर यायचा, तो आत आवाज नव्हताच. नुसता थरकाप होता, आणि तो एक क्षणही थांबत नव्हता.

तो बाहेर आला तेव्हा त्याचं तोंड उतरलं होतं. "भिवादादा, आत बस."

"मी बसलो तर स्प्रिंगचे पाटे मोडतील तिचे."

"मोडू देत. बस."

"म्हणजे सोडून द्यायची म्हणतोस? जिने तुला रस्त्यावरून उचललं, तिला?"

"आधी आत बस. मग मला काय शिव्या द्यायच्या त्या दे."

भिवा बसला. सारजा स्टिअरिंगवर बसली. वणव्यातून निघताना न रडलेल्या भिवाने नाक दाराला टेकवलं.

"किती कापतेय रे ही," सारजा म्हणाली. "आणि हे ऐकून आपण रोज खूश होत होतो?"

भिवा उतरला. "मिस्त्री, ते काम राहू दे," तो म्हणाला. "पण आधी चाकं लावू. अशी दगडांवर नको."

चाकं लागली. अक्का जमिनीवर आली. मिस्त्रीने स्टिअरिंगखालची एक तार दाखवली. ती ओढली की इंजिनाचं डिझेल तुटतं. नुसती ओढून चालत नाही, इंजिन पूर्ण थांबेपर्यंत धरून ठेवावी लागते. भिवाच्या खुरांत ती येईना. सारजाच्या चिमुकल्या पायांत तेवढं बळ नव्हतं. हे घरच्यांनीच करायचं, आणि त्यांच्यात हात फक्त गेनूला होते.

त्याने तार ओढली. धडधड मंदावली. त्याला ते ऐकवेना, त्याने सोडून दिली. इंजिन आचके देत पुन्हा सुरू झालं.

"असं नको रे," सारजा कळवळली. "असं अर्ध्यात नको."

गेनूने पुन्हा तार धरली. या वेळी त्याने डोळे मिटले नाहीत. धडधड विरळ झाली, मग एकेक ठोका सुटा ऐकू आला, मग पुढचा आलाच नाही. काचा गप्प झाल्या. मिस्त्री मान खाली घालून निघून गेला.

गेनू बॉनेटवर हात ठेवून बसला. पत्रा हळूहळू निवत गेला. पूर्ण निवल्यावर तो उठला, ओढ्यावर गेला आणि पळसाच्या पानात पाणी घेऊन आला. बॉनेट उघडून त्याने रेडिएटरचं झाकण फिरवलं आणि ते पाणी आत सोडलं. थोडं थोडं, अगदी हळू, ठसका लागू नये असं.