बोटभर देठ

पूर्वी एका डोंगरउतारावरच्या बंगलीत यमुताई नावाच्या बाई राहत. फाल्गुन लागला की बागेतली पहिली फुलं त्या खिडकीतल्या छोट्या फुलदाणीत मांडत. त्या वर्षी त्यांनी उंच देठाचा एकच लाल डेलिया आणला. त्याचा भाऊ झाडावरच राहिला.

रोज सकाळी यमुताई पाणी बदलत आणि कात्रीने देठाचं टोक कापत. पहिल्या दिवशी डेलिया घाबरला.

"दुखलं का?" कात्रीने विचारलं.

"नाही," तो म्हणाला. न दुखल्याचंच त्याला नवल वाटलं.

"रोज बोटभरच घेते मी. त्यानेच तू ताजा राहशील."

काही दिवसांनी खिडकीबाहेरचा भाऊ तपकिरी पडून वाकला. "माझ्यात बी धरतंय," तो म्हणाला.

डेलियाला त्याची दया आली. "मला बघ, एक पाकळी गळलेली नाही."

"बघतोय," भाऊ हळूच म्हणाला. "आधी तू काचेच्या मधोमध दिसायचास. आता खालच्या चौकटीपाशी दिसतोस."

डेलियाने प्रथमच खाली पाहिलं. फुलदाणीच्या जागी वाटी होती. ती कधी आली, त्याला आठवेना.

"कात्रीताई, आता पुरे," तो म्हणाला.

"उद्या सांग," कात्री म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या बाई आल्या. "अगंबाई, अजून टवटवीत आहे की हा."

"हो ना," यमुताई कौतुकाने म्हणाल्या. "काही तक्रारच नाही त्याची."

वाटीतल्या पाण्यावर तरंगणाऱ्या डेलियाला बोलायचं होतं. पण सकाळच्या बोटभर तुकड्यात त्याचा गळा गेला होता.